नववी ‘ड’ची शेवटची हजेरी

“आरं, तू आत बसलायस की! एकाच पोराला दोनदा आत कसा सोडू मी?”

शिंगाडे मामांनी गेटची कडी हातानं दाबून धरली होती. मामा आमच्या हायस्कूलचे शिपाई. टोपी कानापर्यंत ओढलेली, वर मफलर, आणि त्या दोन्हीतून नुसतं नाक बाहेर.

“मामा, मी तुमच्यासमोर उभा आहे,” मी म्हणालो.

“दिसतंय की. आंधळा हाय का मी? पण लोंढे सकाळीच आत गेला. प्रार्थनेला रांगेत हुता. शर्ट खोचलेला, केसाला त्याल. तुझ्यापेक्षा लय बरा दिसत हुता.”

“मग मी कोण?”

“त्ये मला कशाला इचारतोस? माझी ड्यूटी गेटापुरती. एक लोंढे आत आला, लोंढेचा विषय मिटला.”

माझं टाळकं सरकलं. मी गेटला लाथ घातली. गेट हललं, पण वाजलं नाही. आवाज वरून आला, गच्चीवरच्या कर्ण्यातून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. मामांनी वर बघितलं, मग माझ्याकडं.

“बघ. तुझी लाथसुदिक आतच हाय.”

तो कर्णा मीच बांधलेला. मी बापू मंडपवाल्याकडं कामाला असतो. गॅदरिंगला आम्ही शाळेत कर्णा, माइक आणि अँप्लिफायर दिला होता. गॅदरिंग झालं तरी हेडसरांनी तो सोडला नाही. सूचना द्यायला बरा पडतो म्हणाले. आज शनिवार, सकाळची शाळा, आणि नाताळच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. बापूंनी मला बजावलं होतं, कुलूप लागायच्या आत कर्णा उतरवून आण, उद्या कुस्त्यांचं मैदान आहे.

मी मामांना पक्कड दाखवली, खांद्यावरचा दोर दाखवला.

“मग मंडपवाल्याचा माणूस म्हणून जा की! आधी बोलायला काय तोंड शिवलं हुतं?” मामांनी कडी काढली. “पण जाताना कर्णा खांद्यावर दिसला पायजे. न्हाईतर मी ओळखणार न्हाई तुला.”

कर्ण्यासाठी आलो हे बापूंना आणि मामांना सांगायला ठीक होतं. मी आलो होतो आत बसलेल्या त्या दुसऱ्या लोंढेसाठी. तो सुट्टीला माझ्या घरी जाणार होता.

शाळेनं मला काढलेलं नाही. मीच सोडली, जूनमध्ये. बाकावर बसलं की माझे पाय शिवशिवायचे आणि डोकं तापायचं, बास. पण माझं नाव पटावरून कमी झालं नाही. पट म्हणजे वर्गातल्या पोरांचा आकडा. नववी ‘ड’ला पोरं अगदी काठावर होती. एक जरी कमी झालं तर पट घसरणार, पट घसरला की तुकडी तुटणार, आणि तुकडी तुटली की एक शिक्षक अतिरिक्त ठरणार. ‘ड’च्या वर्गशिक्षिका कुंभोजे मॅडम शाळेत सगळ्यात नव्या, म्हणजे त्याच. म्हणून त्यांनी माझं नाव ठेवलं. रोज हजेरी घेताना त्या ‘लोंढे’ म्हणायच्या, जरा थांबायच्या आणि खाली बघून स्वतःच ‘हजर’ म्हणायच्या. गणपतीच्या आसपास एकदा त्या अशाच थांबल्या, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधी शेवटच्या बाकावरून ‘हजर’ आलं.

तेव्हापासून आमच्या घरात फरक पडला. घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. आई साखर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. माझा युनिफॉर्म जूनपासून खुंटीला होता, तरी आठवड्यानं त्याची कॉलर काळी व्हायची. आई तो धुवायची, इस्त्री करायची आणि म्हणायची, “शाई जरा जपून वापरत जा रे.” मी न नेलेला डबा रिकामा होऊन फळीवर यायचा. “आज दोडका पण संपवलास!” आई एवढी खूश व्हायची की मी पोटाला हात लावून बघायचो. पोट भरलेलं असायचं. सलूनमध्ये गेलो तर रघू म्हणाला, “परवा कापले की तुझे.” आरशात बघितलं. कापलेले होते.

तेवढं मी चालवून घेतलं. तो शाळेत बसतोय, मी मंडप बांधतोय, मला काय तोटा? पण काल दुकानात बांबू मोजत होतो तेव्हा कर्ण्यातून हेडसरांचा आवाज आला. “पटावरील सर्व विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या घरी राहावे. जे पटावर नाहीत, त्यांनी घरी गर्दी करू नये.” मी बांबू खाली ठेवला. आमच्याकडं अंथरुणं दोनच आहेत. आणि पटावरचा लोंढे तो होता.

व्हरांड्यात शिरलो तेव्हा सूचना चालूच होत्या.

“सर्व शिक्षक बंधू-भगिनींना कळवण्यात येते की, सहामाहीचे राहिलेले गुण आजच कार्यालयात द्यावेत. प्रयोगशाळेतील नळ घट्ट बंद करावेत. बनकर सरांना कन्यारत्न झाले आहे, त्यांचे अभिनंदन. पेढे शिक्षक खोलीत ठेवले आहेत. प्रत्येकी एकच घ्यावा.”

सूचना संपली की व्हरांडा एका वर्गानं लांबायचा. नववी ‘ड’ची पाटी मला समोर दिसत होती. मी चालत होतो आणि ती तेवढीच लांब राहत होती. मध्ये नवे वर्ग येत होते. त्यांना पाट्या नव्हत्या. बाकांवर दप्तरं होती, पोरं नव्हती. एका दप्तराची चेन कुणीतरी आतून लावून घेतली.

मी पळून बघितलं. पळालं की सूचना लवकर लवकर यायच्या.

“सुट्टीत पंखे बंद ठेवावेत. खडू मोजून ठेवावेत. जे शिक्षक अतिरिक्त ठरले आहेत, त्यांना व्यवस्थित गुंडाळून नकाशांच्या स्टँडमध्ये उभे करावे. उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या टाकाव्यात. सुट्टीतील हजेरी हे अतिरिक्त शिक्षकच घेतील.”

शिक्षक खोलीचं दार उघडं होतं, म्हणून मी आत वळलो. आत कुणी नव्हतं. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स, कोपऱ्यात नकाशांचा लाकडी स्टँड. महाराष्ट्राची धरणं आणि भारताची जमीन यांच्या मधल्या गुंडाळीतून मला खोकला ऐकू आला.

“लोंढे का रे? आवाजावरून वाटलं.”

मोकाशी सर होते. आम्हाला चित्रकला शिकवायचे. मागच्या वर्षी अतिरिक्त ठरले. मला वाटलेलं दुसऱ्या गावी गेले.

“नाडी जरा सैल कर बाबा,” सर म्हणाले. “मान अवघडलीय.”

मी नाडी सोडली. कागद वीतभर उलगडला आणि सरांचा एक डोळा आणि अर्धी मिशी बाहेर आली. मिशीला घडी पडली होती.

“पेढे आलेत म्हणे.”

मी एक पेढा त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी खाल्ला. कागदावर तुपाचा डाग पडला आणि हळूहळू मिशीकडं सरकायला लागला.

“सर, तुम्ही असे कसे झालात?”

“माझ्या वर्गातलं एक पोरगं ऊसतोडीला गेलं. मी त्याच्या नावाला हजर म्हणायचो. शेवटी साहेब तपासणीला आले. त्यांनी नाव पुकारलं. पोरगं कुठलं? मीच ओरडलो, हजर. एवढा मोठा माणूस, सातवीच्या बाकावरून.” सर हसले. कागद करकरला. “सोपं वाटतं रे ते. तू कुठं निघालास?”

“नववी ‘ड’मध्ये. माझं नाव कापायला.”

“मग पळ. शेवटची हजेरी व्हायच्या आत. आणि नाडी बांधून जा. वारा आला की मी सगळा उलगडतो, बरं दिसत नाही.”

मी नाडी बांधली. शिक्षक खोलीतून बाहेर पाऊल टाकलं ते थेट नववी ‘ड’मध्ये पडलं. व्हरांडा मध्ये आलाच नाही.

वर्ग भरलेला होता. सगळी पोरं दप्तरं पाठीला अडकवून गप्प बसली होती. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. पहिल्या बाकावर मॅडमची छोटी मुलगी बसली होती, बालवाडीतली, चिऊ. ती बदक रंगवत होती, आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत तिनं आईच्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं. कुंभोजे मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. त्या दचकल्या नाहीत.

“ये,” त्या म्हणाल्या. “मला वाटलंच, आज येशील.”

“मॅडम, माझं नाव कापा.”

“हळू बोल. सगळं वर ऐकू जातं.”

“जाऊ दे ना! माझं नाव आहे. मी सोडलीय शाळा. तुम्ही कोण ठेवणार?” मी ओरडलो, आणि प्रत्येक शब्द गच्चीवरून गावावर पडला. चिऊनं रंगवायचं थांबवलं.

“बरोबर आहे तुझं,” मॅडम म्हणाल्या. “त्याला काही लागत नाही. मी एवढंच तोंडानं म्हणायचं, की लोंढेनं शाळा सोडली. म्हणू?”

“म्हणा.”

“नक्की?”

“म्हणा की!”

मॅडम उठून उभ्या राहिल्या. साडी नीट केली. “लोंढेनं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांची करंगळी सपाट झाली. ती आतल्या बाजूला वळली, कडा पिवळसर. “शाळा,” त्या म्हणाल्या. मनगटापर्यंत कागद चढला. त्यावर बारीक निळ्या नद्या होत्या.

“मम्मी,” चिऊ म्हणाली, “पदर फाटतोय.”

तिच्या मुठीत पदराचं टोक कडक झालं होतं. टर्रकन आवाज झाला. तिनं मूठ उघडून बघितली. आत कागदाचा तुकडा होता, त्यावर अर्धा जिल्हा.

“थांबा!” मी म्हणालो. “मॅडम, थांबा. पुढचं म्हणू नका.”

मॅडम थांबल्या. हात पाठीमागं घेतला. चिऊकडं बघून हसल्या. मला म्हणाल्या, “पाच मिनिटात हजेरी आहे. काय ते ठरव. मी तुझ्यावर रागावणार नाही.”

मी शेवटच्या बाकाकडं गेलो. तो खिडकीच्या बाजूला बसला होता, माझ्या जुन्या जागेवर. माझंच तोंड, पण धुतलेलं. भांग सरळ. हात बाकावर एकावर एक ठेवलेले, आणि पाय अजिबात हलत नव्हते. मला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यायची होती. हात उगारला तेव्हा माझाच गाल गरम झाला, म्हणून मी खाली घेतला.

“सरक,” मी म्हणालो.

तो सरकला.

“आज घरी जाणारेस?”

“हजर,” तो म्हणाला.

“आई जेव म्हणाली की काय म्हणशील?”

“हजर.”

“तिचा खांदा दुखतो रात्री. तेल लावायला लागतं. माहितीये का तुला?”

“हजर.”

“दुसरं काही येत नाही का रे तुला, भाड्या?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. रागावला नाही. मी आईशी रोज भांडतो. पोळी जाड झाली म्हणून भांडतो, कारखान्यात रात्रपाळी घेतली म्हणून भांडतो, काही नाही म्हणून भांडतो. हा पोरगा तिच्याशी जन्मात भांडणार नाही. हे मला दिसत होतं आणि त्यामुळं मला आणखीच राग येत होता.

तेवढ्यात मला सुचलं. नाव कापलं की मॅडम गेल्या. नाव राहिलं की तो माझ्या घरी गेला. पण त्याच्या आधी मीच ‘हजर’ म्हणालो तर? नाव राहतं, पट राहतो, मॅडम राहतात, आणि पटावरचा लोंढे मी होतो. मग घरी मी जाणार. एवढं साधं कुणाला कसं सुचलं नाही, असं वाटून मला हसू आलं. तो पण हसला, मी हसलो तेवढंच.

कर्णा खरखरला. “सूचना. सर्व वर्गांत शेवटची हजेरी सुरू करावी. सुट्टीच्या शुभेच्छा.”

मॅडमनी चांगल्या हातानं टेबल धरलं आणि पुकारायला लागल्या. मुलींची नावं आधी, मग मुलं. प्रत्येक नावाला एक ‘हजर’, आणि तो पोरगा किंवा ती पोरगी उभी राहून दप्तराचे पट्टे आवळायची. मी बाकाच्या कडेला आलो. आता माझे पाय शिवशिवत होते. त्याचे नव्हते.

“लोंढे,” मॅडम म्हणाल्या.

त्यानं तोंड उघडलंच नाही. तो माझ्याकडं बघत बसला, वाट बघत असल्यासारखा.

“हजर!” मी ओरडलो.

वर कर्ण्यातून ‘हजर’ निघालं. ते कारखान्याच्या धुराड्यापर्यंत गेलं आणि परत आलं. परत आलं तेव्हा माझ्या अंगावर शाईचा डाग पडलेला पांढरा शर्ट होता. मॅडमचा कागद झालेला हात परत हातासारखा झाला. चिऊनं पदर ओढून बघितला, तो ताणला आणि फाटला नाही. मॅडम खुर्चीत बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तो उभा राहिला. दप्तर घेतलं. बाकाखाली पडलेला माझा दोर उचलून नीट गुंडाळून बाकावर ठेवला आणि पोरांच्या रांगेत लागला.

“ए! मी हजर आहे,” मी म्हणालो. “तू कुठं चाललास?”

“तू हजर आहेस म्हणूनच तो चाललाय,” मॅडम हातांच्या आडून म्हणाल्या. “जो हजर असतो तो शाळेत असतो रे.”

घंटा झाली. मी त्याच्यामागं पळालो. व्हरांडा एका बाजूनं त्याच्यासाठी आखूड झाला आणि दुसऱ्या बाजूनं माझ्यासाठी लांब. मी गेटवर पोचलो तेव्हा सगळे निघून गेले होते. ऊस भरलेली ट्रॉली चालली होती, तिच्या मागून मॅडम चिऊला घेऊन चालल्या होत्या. चिऊ मागं वळून बघत होती. शिंगाडे मामा कुलपाला तेल घालत होते.

“मामा, सोडा.”

“आरं, तू गेलास की आत्ताच! ‘येतो मामा’ असं हातानं केलंस. एकाच पोराला दोनदा भायेर कसा सोडू मी?”

“मी मंडपवाल्याचा माणूस आहे.”

मामांनी माझ्या शर्टाकडं बघितलं, शाईकडं बघितलं. मग खांद्याकडं.

“कर्णा कुटं हाय?”

म्हणून मी गच्चीवर आलो. पक्कड खिशातच होती.

कर्णा मी आमच्या गल्लीच्या दिशेनं बांधलाय. तेव्हा मुद्दाम तसा बांधला होता. रात्रपाळीमुळं आईला गॅदरिंगला यायला जमत नव्हतं, निदान घरी पडल्या पडल्या तिला गाणी ऐकू यावीत म्हणून. इथून आमचं घर दिसतं. पत्रा, पाण्याची निळी टाकी, ओटा. आई ओट्यावर ऊन खात तांदूळ निवडतीये.

तो गल्लीत वळला. सरळ चालतोय, कडेकडेनं, कुणाच्या कुत्र्याला दगड न मारता. आई उठली. तिनं सूप खाली ठेवलं, त्याच्या पाठीवरचं दप्तर काढून घेतलं, कपाळाला हात लावून बघितला. मी कधी कपाळाला हात लावू देत नाही. तिनं काहीतरी विचारलं. तो एकच शब्द बोलला. ती हसली.

“आई!” मी ओरडलो.

कर्ण्यातून “हजर” आलं.

आईनं वर बघितलं. डोळ्यांवर हात धरून शाळेकडं बघत राहिली. मी हात हलवले. दोन्ही हलवले. ती दोन पावलं गल्लीत पुढं आली. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं मान हलवली, मागं फिरली, आणि स्वतःच्या गळ्यातला स्कार्फ काढून त्याच्या कानांभोवती गुंडाळला. कर्ण्याचा त्रास होऊ नये म्हणून.

आता मी तार पक्कडीत धरलीये. तोडली की कर्णा खांद्यावर येतो आणि मामा मला सोडतात, मंडपवाल्याचा माणूस म्हणून. पण मंडपवाल्याच्या माणसाला त्या घरात अंथरूण नाही. तो फार तर ओट्यावर पाणी मागू शकतो. आणि लोंढे शाळेत नाही म्हटलं की पट घसरणार. चिऊनं घरी जाऊन बदक भिंतीला लावलं असेल. तार नाही तोडली तर आईला माझं काहीतरी ऐकू येत राहील. एकच शब्द, पण माझ्या आवाजात. ती परत एकदा दारात येऊन इकडं बघतीये. पत्र्यावरून धूर निघाला. आता तो जेवायला बसेल. बसलाच. माझं पोट भरत चाललंय, आणि मला जेवायचं नाहीये.

खाली मामांनी कुलूप लावलं. शिक्षक खोलीत नाडी सुटल्याचा आवाज झाला. मोकाशी सर सुट्टीतली हजेरी घेतायत. आवाज कागदाचा आहे, पण वरपर्यंत पोचतो. प्रत्येक नावाला ते थांबतात, आणि कुठलं तरी दप्तर आतून सळसळतं. ‘य’ची नावं संपली. ‘र’ची दोनच पोरं आहेत, मग ‘ल’ येईल.

तार तशीच ठेवली. थांबा सर, आलो. मला जायला पाहिजे.